आजारी मोटरींचे चाळीस आवाज

भाच्याचा पाय वायरीत अडकला हे खरं. पण ती वायर खोलीच्या मधून नेण्याची अक्कलही त्याचीच होती, त्यामुळे दोष द्यायला दुसरं कोणी मिळेना. वायर ताणली गेली, तिच्या टोकाची हार्डडिस्क स्टुलावरून सरकली, भिंतीला टेकवलेल्या जुन्या गादीवर आपटली आणि तिथून जमिनीवर उतरली. कॉम्प्युटरने एक केविलवाणं 'टुंग' केलं आणि पडद्यावरची सदतीस नावं एकदम गायब झाली.

"काय पडलं रे?" मामांनी पाठमोऱ्यानेच विचारलं.

"काही नाही."

"काही नाही एवढं जड नसतं," म्हणत मामा वळले.

मामांची बेचाळीस वर्षं पंप आणि मोटरी दुरुस्त करण्यात गेली होती. मोटर आली की ते आधी ती उघडत नसत, ऐकत. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक चालत्या मोटरीवर ठेवायचं, मूठ कानामागच्या हाडाला टेकवायची, डोळे मिटायचे. मग निकाल. "पुढचं बेअरिंग कोरडं पडलंय." किंवा, "हिला काही धाड भरलेली नाही, घरातली वायर बदला." एकदा दाताच्या डॉक्टरांकडे तोंडात दोन नळ्या असताना त्यांनी हातवारे करून सांगितलं होतं, की तुमच्या खुर्चीची मोटर महिन्याभरात बसणार. ती तीन आठवड्यांत बसली. तेव्हापासून डॉक्टर त्यांना पाहिलं की आधी खुर्ची दाखवत, मग दात बघत. मामींचं म्हणणं एवढंच, की माझ्या हाका सोडून यांना सगळं ऐकू येतं.

अशा कानाची कीर्ती तंत्रशाळेपर्यंत गेली. तिथले मुख्याध्यापक स्वतः घरी आले आणि म्हणाले, "आमच्या मुलांना आवाजावरून बिघाड ओळखायला शिकवा." मामांनी आठ महिने मागून घेतले. दुरुस्तीला येणारी प्रत्येक मोटर ते उघडण्याआधी मागच्या खोलीत न्यायचे आणि तिचं दुखणं रेकॉर्ड करायचे. चाळीस दुखणी गोळा करायची, असा बेत होता. सदतीस झाली होती. उरलेल्या तीन मोटरी कोपऱ्यात औषधाची वाट पाहत बसल्या होत्या. वर्ग सोमवारी सुरू व्हायचा होता आणि आज शुक्रवार होता.

बरी झालेली मोटर पुन्हा खोकून दाखवत नाही. ती सदतीस दुखणी जगात दुसरीकडे कुठेही नव्हती. होती ती त्या एका डिस्कवर. आवाज नाहीत तर वर्ग नाही, हे मामांनीच मुख्याध्यापकांना बजावलं होतं. बेअरिंग कसं वाजतं ते काय खडूने काढून दाखवू?

आता भाच्याविषयी. तो विम्याच्या कचेरीत होता आणि एकदा प्रिंटरमध्ये अडकलेला कागद फाटू न देता ओढून काढल्यापासून घराण्याचा कॉम्प्युटरतज्ज्ञ झाला होता. डिस्क त्याने आणली. तिची बारीक शीळ रेकॉर्डिंगमध्ये येते अशी मामांनी तक्रार केल्यावर लांबलचक वायर लावून तिला खोलीच्या दुसऱ्या टोकाला हद्दपार केलं, तेही त्यानेच. आणि "दुसरी कॉपी कशाला, मामा? ही डिस्क दहा वर्षं हलत नाही," हे वाक्यही त्याचंच होतं.

"हलली," मामा म्हणाले. मग त्यांनी डिस्क टॉवेलात गुंडाळून पिशवीत ठेवली, स्क्रूड्रायव्हर खिशात खोचला आणि चपला घातल्या. "चल. नवीन घ्यायची. आणि ह्या वेळी मी निवडणार."

रस्ताभर भाच्याची टकळी चालू होती. डिस्क केवढी हवी, वेग किती हवा, कुठली कशी असते. अपराधी माणसाला बोलण्याचा फार आधार वाटतो. दुकानात शिरल्यावर त्याने तीच कॅसेट दुकानदारबाईंपुढे पहिल्यापासून लावली. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मामांकडे वळून विचारलं, "काका, तुम्हाला काय हवंय?"

"चालू करा. ऐकू द्या."

दुकानाच्या अठरा वर्षांत बाईंकडे डिस्क कोणी ऐकायला मागितली नव्हती. पण त्यांनी टेबलावर तीन डिस्क मांडल्या आणि पहिली जोडली. मामांनी स्क्रूड्रायव्हर टेकवला, डोळे मिटले.

"मामा, ही ना, मिनिटाला—"

"श्श!"

माउस घ्यायला आलेले एक गृहस्थ जागच्या जागी थबकले. पेन ड्राइव्ह बदलायला आलेली मुलगी टेबलाशी सरकली. बाईंनी पंखा बंद केला.

"हिला घाई फार," मामा म्हणाले. दुसरी जोडली. "ही कण्हते. कारण नसताना." तिसरीला त्यांनी बराच वेळ दिला. भाच्याने आपला श्वाससुद्धा रोखून धरला होता. "ही गुणाची. पोटात शांत आहे."

"त्याहून शांत दाखवू?" बाईंनाही आता चेव चढला होता. त्यांनी काडेपेटीहून थोडी मोठी, चपटी वस्तू पुढे ठेवली. "एसएसडी. आत फिरणारं काहीच नाही. आवाज शून्य."

मामांनी स्क्रूड्रायव्हर लावला. काढला. पुसला. पुन्हा लावला. "चालू आहे?"

"चालूच आहे, काका."

"मग आजारी पडली तर कळायचं कसं?"

माउसवाले गृहस्थ म्हणाले, "मुद्दा आहे!" भाच्याला यावर बरंच काही सांगायचं होतं, पण पंखासुद्धा बंद ठेवलेल्या दुकानात त्याला धीर होईना.

"असं करू," मामा म्हणाले. "ही मुकी रेकॉर्डिंगला. माइकजवळ ठेवली तरी शीळ घालणार नाही. आणि कॉपीला ती गुणाची. जायच्या आधी कुरकुर तरी करेल."

निवड झाली. भाच्याला वाटलं, आता बांधून घ्यायचं. पण मामांनी टॉवेल सोडून जखमी डिस्क टेबलावर ठेवली.

"मामा, ती गेली हो."

"तू ऐकलीस?"

बाईंनी डिस्कला फक्त विजेची वायर जोडली. मामा वाकले. दुकानात टाचणी पडली असती तर तिलाही कोणीतरी 'श्श' केलं असतं. मामांच्या कपाळावरची एकेक आठी उलगडत गेली.

"फिरतेय. एकसारखी. आत टकटक नाही. दुखणं पोटात नाही, दारात आहे. बाई, हिचा डबा उघडा बरं."

बाईंनी डबा उघडला. कॉम्प्युटरची वायर खुपसायची खाच मुळापासून उखडली होती. बाकी डिस्क धडधाकट. त्यांनी ती बाहेर काढून थेट आपल्या कॉम्प्युटरला जोडली. पडदा काळा राहिला, मग त्यावर एक नाव आलं, मग नावांची रांगच लागली. भाच्याने बोट लावून मोजली. सदतीस! त्याने माउसवाल्या अनोळखी गृहस्थांना मिठीच मारली.

"एकोणीस नंबर लावा," मामा म्हणाले.

खर्रर्र... खट्. खर्रर्र... खट्. एका पंपाचं चार महिन्यांपूर्वीच बरं झालेलं दुखणं दुकानभर घुमलं. पेन ड्राइव्हवाल्या मुलीने टाळ्या वाजवल्या. आणि त्या खर्रर्रच्या वरताण भाच्याचा खणखणीत आवाज आला: "मामा, झालं का हो चालू?"

"आठ ठिकाणी आहे हा," मामा म्हणाले. "मुलं समजतील हाही एक बिघाडच."

नव्या दोन्ही डिस्कवर कॉपी सुरू झाली. पडद्यावरची हिरवी पट्टी सरकत होती आणि भाच्याचा उत्साह पुन्हा दुकानात मावेना. "मामा, आता सोमवारी काय मजा येईल! उद्या त्या तीन मोटरी उरकू. सुरुवातीला मी दोन शब्द बोलतो, कॉम्प्युटर म्हणजे काय वगैरे. मग तुमचं सुरू. पण मुलांना सगळ्यात आधी काय शिकवणार तुम्ही? बेअरिंग? वाइंडिंग? की थेट पंपच?"

मामांनी स्क्रूड्रायव्हर खिशात खोचला.

"गप्प बसायला."