दुसऱ्यांदा दाखवायचे पैसे

दुसऱ्यांदा दाखवायला पैसे घेतो तो डॉक्टर लबाड, अशी माझी पक्की समजूत होती. वसईजवळ उमेळ्याला, माझ्या सासरी, आठवड्याच्या आत तोच केस पेपर घेऊन गेलं की डॉक्टर नुसते 'बसा' म्हणायचे, पैशाचं नाव नाही. मस्कतला राहायला गेल्यावर कळलं, तिथे फॉलो-अपलाही पहिल्याइतकीच फी. ती मी मनातल्या मनात रुपयांत करायची आणि माझंच डोकं तापायचं.

नवऱ्याच्या डाव्या डोळ्यात चमका यायला लागल्या, काळे ठिपके तरंगायला लागले, तेव्हा एकदा दाखवलं. कंपनीच्या विम्यात डोळे बसत नव्हते. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, आज डोळ्याचा पडदा शाबूत आहे, पण दोन आठवड्यांनी या, नक्की या. पुढे चमका कमी झाल्या. महिन्याभरात सुट्टीवर घरी जायचंच होतं. सगळं ठीक आहे एवढंच ऐकायला कशाला पैसे घालायचे, वसईला दाखवू, असं म्हणून मीच फोन करून वेळ रद्द केली. तो 'बरं' म्हणाला. माझ्यापुढे तो बहुतेक वेळा 'बरं'च म्हणतो, आणि मला तेव्हा त्याचा अभिमान वाटायचा.

उमेळ्याला पोचल्यावर तिसऱ्या दिवशी सकाळी मी चहा दिला. त्याने हात पुढे केला तो कपाच्या शेजारी. चहा लादीवर सांडला आणि मी चिडले. तेव्हा तो हळूच म्हणाला, विमानात बसल्यापासून डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यात सावली आहे, आज ती मध्यापर्यंत आली. सासूबाई म्हणाल्या, "जागरन जालंय, डोल्यावर थंड पानी मार." मी तोवर चपला घातल्या होत्या.

वसई रोडच्या दवाखान्यात त्याच्या डोळ्यात थेंब घालून आम्हाला बाकावर बसवलं. तो डोळे मिटून बसला होता. माझ्या मांडीवर मस्कतची फाइल होती. मला त्याच्या डोळ्याची भीती वाटत होती, आणि त्याहून जास्त भीती डॉक्टरबाई त्यातला कागद वाचतील याची.

त्यांनी वाचलाच. 'दोन आठवड्यांनी' या शब्दांखाली रेघ होती. गेला होतात का, त्यांनी विचारलं.

"कामात राहून गेलं," नवरा म्हणाला.

एरवी त्याला साधं खोटं बोलता येत नाही. मी सुटले असं वाटलं, हे लिहिताना आज लाज वाटते.

डॉक्टरांनी त्याचा उजवा डोळा झाकला आणि बायकोकडे बघा, काय दिसतं ते सांगा, म्हणाल्या. केस दिसतात, तो म्हणाला. ओढणी दिसते. आणि चेहरा?

तो बराच वेळ बघत राहिला. "चेहरा नाही दिसत."

"वेळ मी रद्द केली होती," मी म्हणाले. सांगत होते डॉक्टरांना, पण बघत होते त्याच्याकडे.

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. पडदा सुटलाय, मधला भागसुद्धा. पडद्याला नुसतं छिद्र असतानाच सापडलं असतं तर कदाचित लेझरवर भागलं असतं. आता ऑपरेशन, तेही उद्याच. डोळ्यात गॅसचा फुगा सोडतील, तो विरेपर्यंत विमानात बसायचं नाही. नजर किती परत येईल ते त्यांनी सांगितलं नाही.

ऑपरेशननंतर, फुगा पडद्याला टेकून राहावा म्हणून, तो दिवसचे दिवस पालथा पडून होता. पाचव्या दिवशी दाखवायला गेलो. मी पर्स उघडली, तर काउंटरवरची मुलगी म्हणाली, "आठवड्याच्या आत पैसे नाही घेत, काकी." मागचा माणूस 'सरका जरा' म्हणेपर्यंत मी तशीच पर्स उघडी धरून उभी होते.

फुगा विरायला जवळजवळ दोन महिने लागले. मग त्याने स्वतःच उजवा डोळा झाकला आणि माझ्याकडे पाहिलं. "दिसतेस," तो म्हणाला, "पण पाण्यात बघितल्यासारखी. नाक एकीकडे, तोंड एकीकडे." यापुढे फार फरक पडणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. मात्र मस्कतला गेल्यावर दर महिन्याला दाखवायचं, चुकवायचं नाही.

घरी आल्यावर मी मस्कतच्या दवाखान्याचा नंबर काढला. त्याने माझ्या हातातून फोन घेतला.

"वेळ मी घेतो," तो म्हणाला.

मी 'बरं' म्हणाले.