माझ्या हातची गोळी

सासऱ्यांना क्षयाचं निदान झालं तेव्हा घरात आम्ही दोघंच होतो. नवरा नोकरीला मुंबईत, आणि सासूबाई जाऊन बरीच वर्षं झालेली. त्यामुळे सकाळी उपाशीपोटी आबांच्या तळहातावर गोळ्या ठेवायचं काम माझ्याकडे आलं. लघवी लालसर होईल, घाबरू नका, असं दवाखान्यात आधीच सांगितलं होतं. म्हणून ती पुढे अगदी गडद झाली तेव्हाही आम्ही मनावर घेतलं नाही.

मग आबांचं जेवण तुटलं. बांगड्याचं तिखलं समोर आलं की त्यांना उमळून यायचं. मालवणच्या बंदरात आयुष्य काढलेल्या माणसाला माशाचा वास नकोसा झाला!

"शेजारचो ह्योच गोळ्यो खावन बरो झालो," ते म्हणाले. "दर्यात जाता. मगे माकाच कशे सोसणत नाय?"

मी म्हटलं, "आबांनू, डॉक्टरांका विचारूया."

"डॉक्टर थंय आसा. हंय गोळी देणारी तू."

त्यांनी वेंगुर्ल्याहून लेकीला बोलावून घेतलं. नणंद आली, पिशवी खाली ठेवली आणि म्हणाली, "वयनी, आजपासून पेज मी करतंय." मी चुलीपासून बाजूला झाले. नवऱ्यानं फोनवर विचारलं, "तू गोळ्या नीट देतेस ना?" त्यातला तो 'ना' मला फार लागला.

दुसऱ्या सकाळी मी गोळ्या घेऊन गेले तर आबांनी त्यातली एक उचलून माझ्यासमोर धरली.

"आधी तू खा."

"ती माझी नाय, आबांनू. औषध आसा ता."

"बघितलंस?" ते लेकीला म्हणाले. "खाणा नाय ती."

नणंद माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मला ओरडावंसं वाटत होतं, पण माझं लक्ष आबांच्या डोळ्यांकडे गेलं. दारातून ऊन आत आलं होतं आणि त्यांच्या डोळ्यांतलं पांढरं हळदीसारखं पिवळं दिसत होतं.

"रिक्षा बोलव," मी नणंदेला म्हटलं. "आत्ताच्या आत्ता."

डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं आणि गोळ्या थांबवल्या. दारू, काढा, झाडपाल्याचं काही आबा घेतात का, हे तिघांनाही वेगवेगळं विचारलं. मला विचारताना त्या जरा जास्तच रोखून बघताहेत असं मला वाटलं. मग त्यांनी सांगितलं, "गोळी चांगली होती. पण यकृत औषध आहे तसं ठेवत नाही, बाहेर टाकता यावं म्हणून त्याचं रूप बदलतं. त्या बदलात मधेच एक जहाल पदार्थ तयार होतो. बहुतेकांचं शरीर त्याचा वेळेत निकाल लावतं. काहींच्या शरीरात तो उरतो आणि यकृतालाच चिकटून ते जाळत जातो. कोणाचं काय होईल, ते आधी सांगता येत नाही."

आबा म्हणाले, "म्हणजे ईख भायरसून नाय इला?"

"नाही. घरातल्या कोणी विष घातलेलं नाही."

नणंदेनं मान खाली घातली. माझ्याशी ती बोलली ते थेट घरी आल्यावर, आणि तेही मीठ कुठे आहे विचारायला.

कावीळ उतरली. मग वरचेवर रक्त तपासत एकेक गोळी परत सुरू केली, एक मात्र कायमची बंद झाली. आबा माझ्या हातून गोळी घेऊ लागले, पण गिळल्यावर उजव्या बरगडीखाली हात दाबून बसायचे. आता त्यांचा भरवसा स्वतःच्या पोटावरच नव्हता.

ते पुरते बरे झाले. बंदरावर लिलाव बघायला जाऊ लागले आणि भेटेल त्याला सांगू लागले, "ईख माझ्याच पोटात तयार झालेला." लोक माना डोलवायचे. एकदा मी बाजारात बांगडे घेत होते. मासेवालीनं माझ्याकडे वाकून हळूच विचारलं, "खरा सांग गो, काय घातलेलंस तू?"

मी बांगडे पिशवीत टाकले आणि चालू लागले.