आमच्या लॅबमधल्या कवड्या

समुद्र नागपूरपासून इतका लांब, मग इथे समुद्री गोगलगायींचे किस्से कुठून येणार? पण कॉलेजच्या झूलॉजी लॅबमध्ये मी डेमॉन्स्ट्रेटर होतो, तेव्हा कवड्यांची एक पेटी आमच्याकडे होती. जुने दोस्त भेटले की अजूनही तिच्यातून एकेक किस्सा निघतोच!

*

कवडी म्हणजे एका छोट्या समुद्री गोगलगायीचं कवच. हे सांगितलं की वर्ग हादरायचा. इतवारीतल्या भांडेवाल्यांची मुलगी म्हणाली, "सर, आमच्या देवघरात गोगलगाय? आई मले घरात घेणार नाही!"

दुसऱ्या दिवशी आईच हजर! कवडी निरखली, कपाळाला लावली अन् लेकीला म्हणाली, "देवीले चालते, तर मले काहून चालणार नाही वं?"

*

पेटी सांभाळायचे आमचे लॅब अटेंडंट देवरावभाऊ. परीक्षेत नावांची लेबलं कागदानं झाकून टेबलावर नमुने मांडायचे अन् पोरांनी नावं लिहायची, अशी पद्धत. एका पठ्ठ्याला नाव आठवेना, म्हणून त्यानं कवडी चक्क कानाला लावली!

देवरावभाऊ हळूच म्हणाले, "काय गा, नाव सांगून राहिली का तुले?"

*

मग नवे विभागप्रमुख आले. उन्हाळ्यात डिंक वाळून लेबलं गळायची, देवरावभाऊ ती परत चिकटवायचे. ती बरोबर नमुन्यावरच लागतात, यावर साहेबांचा विश्वास नव्हता. "परीक्षेत एक जरी लेबल चुकलं, तर तुमची ड्युटी गेटवर!" देवरावभाऊंचं तोंड एवढंसं झालं. लॅब म्हणजे त्यांचा जीव होता हो!

परीक्षेला मुंबईचे एक्झामिनर आले, शंख-शिंपल्यांतले तज्ज्ञ. सात नंबरच्या कवडीचं झाकलेलं लेबल उघडून म्हणाले, "लेबल चूक. ही अंगठी-कवडी नाही, साधी पैशाची कवडी आहे. पाठीवर पिवळी अंगठी कुठाय?"

विभागप्रमुखांनी देवरावभाऊंकडे असं पाहिलं की बस!

देवरावभाऊ पुढे झाले. "अंगठी उडाली साहेब, जुनी आहे. कडेनं बोट फिरवा. पैशाच्या कवडीले टेंगळं असतात, हिले नाहीत."

एक्झामिनरांनी बोट फिरवलं. भिंग घेतलं. जाडजूड पुस्तक उघडलं. मग सगळ्या पोरांसमोर उठून त्यांनी देवरावभाऊंचा हात हातात घेतला! पोरांनी टाळ्या पिटल्या, मीही पिटल्या. विभागप्रमुख म्हणाले, "गेटचं राहू द्या देवराव."

"तीस वर्षं मी कवड्या पाहतोय," एक्झामिनर म्हणाले, "मला कसं दिसलं नाही?"

"तुमी पाहून राहिले साहेब," देवरावभाऊ म्हणाले. "मी रोज फडक्यानं पुसून राहिलो."