शारजातून गेलेली प्रचाराची कॅसेट

शारजाच्या अल नहदातल्या फ्लॅटमध्ये गोपीनाथ सातार्डेकरांनी बेडरूमचा एसी बंद केला, खिडकीवर दोन रजया टांगल्या आणि टेपरेकॉर्डरसमोर ते उभे राहिले. बसून आवाज सुटत नाही, हे त्यांचं जुनं मत. सप्टेंबरचा उकाडा होता. दशावतारात राजा व्हायचे तेव्हा मुकुटाखालून घाम जसा कानामागे उतरायचा, तसाच आताही उतरत होता. आणि खरं सांगायचं तर त्यांना तो हवासा वाटत होता.

साल २००४, महाराष्ट्रात विधानसभेची निवडणूक. पाच वेळा निवडून आलेले आमदार आबासाहेब म्हापणकर सहाव्यांदा उभे होते. आबासाहेबांचा प्रचार म्हणजे गोपीनाथांचा आवाज. आधी रिक्षात माईक धरून, आणि इकडे नोकरीला आल्यापासून कॅसेट पाठवून. त्याच्या बदल्यात त्यांनी एकच गोष्ट मागितली होती, तालुक्याच्या गावी एक नाट्यगृह. "तू परत ये गोपीनाथा, चावी तुझ्याच हातात देतो," आबासाहेब दर निवडणुकीला सांगत. कोनशिलासुद्धा बसवून झाली होती.

गोपीनाथ हमरिया फ्री झोनमध्ये पाइपच्या कंपनीत स्टोअरकीपर. डिसेंबरात साठ पूर्ण, मग व्हिसा खलास. परत जायचं ते त्या हॉलसाठीच. दार उघडायचं, दिवे लावायचे, उघड्यावर भिजत खेळ करणाऱ्या मंडळ्यांना कोरडी जमीन आणि रंगायला एक आरसा द्यायचा. बाकी म्हातारपणाचा दुसरा बेत त्यांनी केलाच नव्हता.

कॅसेटची सुरुवात ठरलेली. खेळ घेऊन आलेली मंडळी गावात शिरताना वाडीतल्या जाणत्यांना नाव घेऊन नमस्कार करतात, तसे गोपीनाथ मत मागण्याआधी नावं घेत. "देऊळवाडीच्या भिवाजींना नमस्कार! खालच्या वाडीच्या ठकुबाई माउलीला नमस्कार!" ठकुबाई म्हणजे रात्रभर नाचून आलेल्या अख्ख्या मंडळीला पहाटे गरम पेज वाढणारी बाई. तिचं नाव घेताना त्यांचा आवाज आपोआप ओला व्हायचा.

"अहो, नावं एकदा फोन करून विचारून घ्या," दाराबाहेरून त्यांची बायको सुलक्षणा म्हणाली. "आपण गावी जाऊन तीन वर्षं झाली."

"माझ्या गावची माणसं मी दुसऱ्याला विचारू?"

"बाबा, कॅन आय पुट द एसी ऑन नाउ?" उर्वी, त्यांची कॉलेजातली मुलगी, बाहेरून ओरडली.

"थांब गं! वाक्य तुटलं माझं."

मग नेहमीप्रमाणे 'कोण जातंय का गावाला' अशी चौकशी झाली. महाराष्ट्र मंडळातला प्रकाश गोव्याच्या विमानानं निघाला होता, त्याच्या बॅगेत लोणच्याच्या रिकाम्या बरण्यांशेजारी कॅसेट गेली.

आठवड्यानं धाकट्या भावाचा, वसंताचा फोन आला.

"गोपीदादा, ठकुबायक नमस्कार कित्याक केलंस रे? म्हातारी जावन वरीस झाला!"

"माका कोणी सांगूक नाय."

"तू इचारतंस खय? फोनवर तुझा आपला आमदार नि आमदार."

कॅसेट वाजवणारी प्रचाराची रिक्षा नेमकी ठकुबाईच्या अंगणासमोर थांबली होती. तिची मुलगी आशा भात वाळवत होती. नमस्कार ऐकला आणि ती सगळं तसंच टाकून घरात गेली. भिवाजीही गेलेले निघाले. संध्याकाळी विरोधकांच्या गाडीवरून आवाज घुमला, "आबासाहेबांना मत द्यायला आता वर गेलेलेच उरले हो!" सगळा बाजार हसला. इतक्या वर्षांत आबासाहेबांवर लोक चिडले होते, रुसले होते, हसले नव्हते.

गोपीनाथांनी आशाला फोन लावला. "आशा, मी गोपीनाथकाका."

"काका, आयेक शेवटपर्यंत वाटत होता, तुम्ही येशात म्हणान. आता तुमचो आवाज इलो. तोय मतांसाठी."



निकालाच्या दिवशी शनिवार होता. रमझान लागल्यामुळे स्टोअर लवकर बंद झालं. फोर्कलिफ्ट चालवणारा हमदुल्ला त्यांना घरी सोडायला आला. "गोपीभाई, इन्शाल्ला आपका लीडर जीतेगा."

"नहीं हमदुल्ला. खलास."

"अरे, रोजा मेरा है, मुँह आपका क्यों सूखा है?"

गोपीनाथ हसले. उतरताना मात्र गाडीचं दार त्यांच्याकडून नीट लागलं नाही.

घरी पोचले तर वसंताचा फोन येऊन गेला होता. आबासाहेब पडले होते, तेही मोठ्या फरकानं. गोपीनाथांनी कपडेही न बदलता आबासाहेबांच्या घरी फोन लावला. एरवी कार्यकर्ते उचलत, आज आबासाहेबांनीच उचलला.

"आबासाहेब, माझ्या कॅसेटनं घात केला."

"छे रे. तुझ्या कॅसेटनं नाही पडलो मी. लोक कंटाळले. मीसुद्धा त्यांच्या जागी असतो तर कंटाळलो असतो." मग आवाज उतरवून ते म्हणाले, "गोपीनाथा, एक सांगायचं राहिलंय. हॉलची जागा मागच्याच टर्ममध्ये गोदामाला गेली. मीच सही केली. तुला सांगायचं जिवावर आलं. तू आवाज देईनासा झाला असतास ना रे."

म्हणजे ते निवडून आले असते तरी हॉल नव्हताच. ही निवडणूक, तो घाम, ठकुबाईच्या अंगणातला तो नमस्कार, सगळं एका गोदामासाठी झालं होतं. गोपीनाथांच्या तोंडाशी पुष्कळ आलं. पण पलीकडे एक म्हातारा रिकाम्या घरात एकटाच फोन धरून बसला होता, हे त्यांना त्याच्या श्वासावरून कळत होतं.

"आबासाहेब, जेवलात?"

"नाही अजून."

"जेवून घ्या. उपाशी राहू नका."

त्यांनी फोन ठेवला. सुलक्षणा दारात उभी होती. "काय म्हणाले?"

गोपीनाथ उठले. छाती भरून घेतली, उजवा हात किंचित पुढे आला, आणि भरदार आवाजात ते म्हणाले, "हॉल होणार! आज ना उद्या, सत्ता कुणाचीही येवो—"

"अहो," ती म्हणाली, "माझ्याशी तरी साध्या आवाजात बोला."

हात खाली आला. ते पलंगाच्या कडेला बसले आणि त्यांनी साध्या आवाजात सांगितलं. दोन वाक्यांत संपलं.