सोजराबाईंच्या मेसचं कार्ड

“दवाखान्यात एकट्यानं जायचं न्हाई.”

कारेगावात सोजराबाईंच्या मेसला जेवलेल्या प्रत्येकानं हे वाक्य कधी ना कधी ऐकलेलं आहे. कुणाचं बोट कंपनीतल्या प्रेस मशीनमध्ये सापडलं, कुणाच्या बायकोला बाळंतपणाला न्यायचं असलं, की भाकरी थापता थापता, मान वर न करता, बाई तेवढंच म्हणत. मग पंगतीतला कुणीतरी हात धुऊन उठे. कुणी उठायचं हे त्या सांगत नसत. पण कुणी उठेपर्यंत दुसरी भाकरी कुणाच्याच ताटात पडत नसे.

रांजणगावच्या कंपन्यांतला नवा गडी मेस लावायला आला, की बाई त्याला तीन गोष्टी विचारत. नाव काय, शिफ्ट कोणती, आन् रगत कोणतं. तिन्ही गोष्टी त्याच्या मेसच्या कार्डावर लिहिल्या जात आणि कार्ड चुलीमागच्या भिंतीवर खिळ्याला लागे. पोरं थट्टा करत.

“मावशी, रगत जुळवताय का सोयरीक?”

“सोयरीक तुझी तू बघ. ह्या तोंडाला बायकू मिळवून देणं माझ्या हातचं न्हाई.”

नीलमला ही कार्डं आधी कळली नव्हती. ती दौंडकडची. नवरा ज्ञानेश कंपनीत लागला म्हणून मेसच्या मागच्या खोलीत राहायला आलेली. त्यांची सृष्टी सहा वर्षांची. तिला ताप यायचा तो जाईना, पायांवर न पडता-धडपडता काळेनिळे डाग उठू लागले. पुण्याच्या डॉक्टरांनी रक्ताचा कॅन्सर सांगितला, त्या दिवशी नीलम खोलीच्या पायरीवर बसून राहिली. पिठानं भरलेल्या हातांनी सोजराबाई आल्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, “उद्या किती वाजता निघायचं?”

नीलमला वाटलं, बाई आपल्या बोलायचं म्हणून बोलल्या. पण सकाळी ती पोरीला घेऊन स्टॉपवर गेली, तेव्हा बाई पिशवी धरून आधीच उभ्या होत्या.

शिक्रापूरच्या चौकात ट्रकांच्या रांगेत बस अडकली. बाहेर बघत बाई म्हणाल्या, “माझा सुदर्शन. नऊ वर्षांचा. हाच आजार. तीस वर्षं झाली. त्याला घेऊन दौंडहून गाडीनं पुण्याच्या दवाखान्यात एकटी गेले. तिथं म्हणाले, रगत द्यायला चार माणसं आणा. मी कुठनं आणू? दारात उभी ऱ्हाऊन येणाऱ्या-जाणाऱ्याची तोंडं बघितली नुसती.”

सृष्टीचं डोकं त्यांनी आपल्या मांडीवर घेतलं. बस हलली.

त्यानंतर सात महिने सृष्टीला प्लेटलेट लागल्या की कारेगावातून माणसं आली. प्लेटलेट म्हणजे रक्तातला तो भाग, जो वाहतं रक्त थांबवतो. औषधांनी तो पोरीच्या अंगातून पार कमी व्हायचा. बाई भिंतीवरची कार्डं चाळत. रात्रपाळी करून आलेल्याला नेत नसत, झोप झालेलाच नेत. निघायच्या आधी त्याला समोर बसवून दोन भाकऱ्या खाऊ घालत, आणि मगच मेसला भाजी पोचवणाऱ्या पप्पूच्या पिकअपमध्ये चढवत. सात महिन्यांत एकाही गड्याला रक्तपेढीनं नको म्हणून माघारी पाठवलं नव्हतं. बाईंना त्याचा मोठा अभिमान होता, आणि तो त्या लपवतही नसत.

मग अंगारकीचा मंगळवार आला.

प्लेटलेट गुरुवारी द्यायच्या ठरल्या होत्या. म्हणून बाईंनी मंगळवारी मेसला सुट्टी दिली आणि सकाळी रक्त जुळणाऱ्या पाच जणांना घेऊन रांजणगावच्या महागणपतीला गेल्या. आदल्या रात्री चुलीपाशी सृष्टीसाठी नवस बोलला गेला होता. चंद्र दिसेपर्यंत नुसत्या पाण्यावर राहायचं, चहासुद्धा नाही. बाईंनीच सांगितलं आणि पाचही जणांनी मान हलवली. तिकडं पुण्याच्या वॉर्डात, सृष्टीच्या खाटेशी बसलेल्या नीलमनंही तोच उपास धरला.

पण दहाच्या सुमाराला सृष्टीच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं. डॉक्टर म्हणाले, गुरुवारपर्यंत थांबता येणार नाही, प्लेटलेट आजच चढल्या पाहिजेत, माणसं बोलवा. तिच्या गटाची पिशवी रक्तपेढीत शिल्लक नव्हती. नीलमनं फोन केला. देवळातनं बाहेर पडलेली ती माणसं तशीच पिकअपमध्ये बसली आणि एकच्या आत दवाखान्यात हजर झाली. पोरीच्या तोंडाशी कापूस धरून बसलेल्या ज्ञानेशनं नीलमला त्यांच्याकडं पाठवलं.

रक्तपेढीतल्या नर्सनं फॉर्म भरायला घेतला. पहिलाच हृतिक होता, वेल्डिंगला असणारा, हडकुळा, आणि सगळ्यांत जास्त भाकऱ्या खाणारा.

“शेवटचं कधी जेवलात?”

“काल रात्री.”

“आज काही खाल्लं?”

हृतिकनं मागं बघितलं. मागचे चौघं जमिनीकडं बघत होते.

“उपाशीपोटी मी कुणालाही मशीनवर घेणार नाही,” नर्स म्हणाली. “चक्कर येते. पोटभर खा आणि तासाभरानं या.”

नीलमनं सोजराबाईंकडं पाहिलं. भाकरी वाढल्याशिवाय कुणाला दारातून न सोडणारी ही बाई, तिनंच आज पाच जणांना उपाशी आणलं होतं. बाईंचा चेहरा एकदम म्हातारा झाला.

“चूक माझी हाय,” त्या म्हणाल्या. “चला. खाऊन घ्या.”

फाटकाबाहेर पोह्यांची गाडी होती. तिथवर सगळे गेले, पण प्लेट कुणी उचलेना.

हृतिक हळूच बोलला, “मावशी, आम्हाला खायला काय झालं? पन नवस पोरीच्या नावानं बोललाय. आमी मोडला आन् पोरीला काय झालं, तर?”

ही गोष्ट नीलमच्याही मनात होती. सकाळपासून तिनं पाण्याच्या घोटावर तो उपास असा जपला होता, जणू पोरीचा हातच धरून ठेवलाय. तो सोडायचा या विचारानं ती गाडीपासून दोन पावलं मागं सरली.

सोजराबाईंनी पोह्यांची प्लेट उचलली.

“नवस कुणी बोलला? मी. देवाला जाब कोण देणार? मी. तीस वर्षांमागं त्या दारात मी किती उपास केले, कुणाला म्हाईत हाय? तवा माझ्याकडं उपास व्हता, मानसं न्हवती. आज मानसं हायती.”

आणि त्यांनी भरला घास तोंडात घातला. सगळ्यांच्या देखत, उभ्यानं, अंगारकीच्या दुपारी. घास त्यांना लवकर गिळता आला नाही, हे नीलमनं पाहिलं. डोळ्यांत पाणी आलं तरी त्या चावत राहिल्या.

मग नीलम पुढं झाली. गाडीवरची दुसरी प्लेट तिनं हृतिकच्या हातात दिली आणि तिसरी स्वतः घेतली.

“खा, दादा,” ती म्हणाली. “मी बी खाते.”

पाचही जण खाली मान घालून जेवले. हृतिकनं तीन प्लेट संपवल्यावर पप्पू म्हणाला, “आरं, प्लेटलेट द्यायच्यात, प्लेटा न्हाईत,” तेव्हा कुठं सगळे हसले, सोजराबाईसुद्धा.

तासाभरानं तपासणीत हृतिकच पास झाला. मशीनवर तो दीड तास पडून होता. साडेपाचला पिवळसर पिशवी सृष्टीच्या खाटेवर टांगली गेली. पोरीनं बराच वेळ तिच्याकडं बघितलं.

“आजी, हे मोसंबीचं सरबत हाय?”

“व्हय,” सोजराबाई म्हणाल्या. “हृतिकनं पिळलंय.”

हिरड्यांचं रक्त थांबलं तेव्हा खिडकीबाहेर अजून उजेड होता. चंद्राची वाट त्या दिवशी कुणी पाहिली नाही.

आता सृष्टीच्या डोक्यावर मऊ केस उगवलेत. गोळ्या अजून वर्षभर घ्यायच्या आहेत, तपासणीला महिन्यातून एकदा जावं लागतं. नीलम मेसमध्ये भाकऱ्या थापते. नव्या गड्याला नाव, शिफ्ट आणि रगत तीच विचारते. चौथा प्रश्न तिनं स्वतःचा घातलाय: उपास कोणता करतोस? तोही कार्डावर लिहिला जातो.

गेल्या सोमवारी दौंडकडून एक बाई आली, कडेवर चार वर्षांचा मुलगा आणि हातात रिपोर्टची पिशवी. पत्ता विचारत विचारत ती मेसच्या दाराशी पोचली. सोजराबाईंनी हातावरचं पीठ झटकलं, पदर खोचला, खुंटीवरची पिशवी काढली.

“दवाखान्यात एकट्यानं जायचं न्हाई,” त्या म्हणाल्या आणि पोराला आपल्या कडेवर घेतलं.

दोघी स्टॉपच्या दिशेनं निघाल्या. नीलम काठवटीपाशी हात थांबवून बघत राहिली. सृष्टी धावत दारात आली.

“आजी, खाल्लंस का?”

सोजराबाईंनी मागं न बघता पिशवी वर केली. फडक्यात बांधलेल्या भाकरीचा गोल त्या पिशवीतून स्पष्ट दिसत होता. कंपनीची बस मधे आली, गेली, आणि तरी सृष्टी उंबऱ्यावर टाचा उंचावून उभीच होती.