उपटलेली रोपं

आईला मी त्या दिवशी मनातल्या मनात कसाई म्हटलं होतं, आणि तो शब्द अजून मागे घेतलेला नाही.

पोशेऱ्याजवळच्या आमच्या पाड्यावर भाताची आवणी चालू होती. मी जव्हारच्या कचेरीत कारकून, लावणीसाठी रजा टाकून माहेरी आले होते. सकाळी बाबांच्या छातीत कळ आली. दादाने जीप बोलावली आणि त्यांना जव्हारच्या दवाखान्यात न्यायला निघाला. मीही चढायला गेले, तर आईने दंड धरून खाली ओढलं.

"तू जाऊन काय करशील? डाक्टर हायस का? बायका आल्यात, रोपं उपटून पडलीत."

आमच्याकडे आवणीला मजूर नसतात. आज पाड्यातल्या बायका तुमच्या खाचरात, उद्या तुम्ही त्यांच्या. आपली पाळी मोडली की ती सगळ्यांच्या शेवटी येते, आणि तोवर उपटलेली रोपं सडून जातात. हे मला कळत होतं, तरी डोकं सणकलं. नवरा दवाखान्यात चाललाय आणि हिला भाताची पडलीय!

रागाच्या भरात मी रोपं चिखलात खुपसायला लागले. शेजारची काकी ओरडली, "भाताशी भांडतेस का गं? मुळं मोडतील. हातातलं बघ."

मग हातातलं बघायला लागले. चिमूटभर रोपं, अंगठा, चिखल, मागे एक पाऊल. पुन्हा रोपं. पाठीवर पाऊस पडत होता, बायका कुणाच्या तरी सुनेची टिंगल करत होत्या. केव्हातरी राग निघून गेला. बाबाही डोक्यातून गेले. चिखल कोमट होता, समोर हिरवी ओळ वाढत होती आणि मला जगात दुसरं काहीच नको होतं. इतकं सुख मला लेक झाली तेव्हाही झालं नव्हतं.

दुपारी जीप परत आली. दादा बांधावर उभा राहून म्हणाला, "वाटेतच गेले. सारखे विचारत होते, पोरगी का नाय आली." वाटेतून तो मला फोन लावत होता, पण खाचरात रेंज कुठली?

आईने जीपकडे पाहिलं, मग उरलेल्या तुकड्याकडे. बायकांना म्हणाली, "तेवढं लावून घ्या," आणि मगच बांध चढली. बायकांनी लावून घेतलं. वर्षश्राद्धाला त्याच भाताचा तांदूळ शिजवला, आणि जेवणारे म्हणाले, छान मऊ झालाय.

यंदा कचेरीत ध्यानाचं शिबिर झालं. शहरातून आलेले मऊ आवाजाचे सर म्हणाले, "डोळे मिटा. ज्या क्षणात काहीच कमी नव्हतं, तो आठवा." बाकीचे चुळबुळत राहिले. मला शोधावा लागला नाही. सरांनी सांगायला लावलं तेव्हा चिखल, पाऊस आणि रोपं एवढंच सांगितलं. टाळ्या पडल्या. आमचे साहेब म्हणाले, "याला म्हणतात वर्तमानात जगणं!" त्यांच्या एक थोबाडीत द्यावीशी वाटली.

"आता पुन्हा त्या क्षणात जा," सर म्हणाले.

मी गेले. वाटलं होतं, या वेळी तरी मान वर करीन, जीपमागे धावेन. पण मी वाकलेलीच राहिले, एकेक रोप लावत. तिथे कशाचीच उणीव नव्हती. बाबांचीसुद्धा.