गवताचा पुतळा

रोज सकाळी विहिरीवर दिनानाथ मास्तर पोहरा खाली सोडत आणि म्हणत, "गो." पोहरा बुडाला की "वेंट." काठावर आला की "गॉन." उरणच्या शाळेतली नोकरी संपली, तरी सवय सुटली नाही. मिठागरावर जाणाऱ्या बाया हसत. "मास्तर पान्याला पन इंग्रजी शिकवतान, बाय!"

त्यांचा मुलगा मोरू मिठाच्या मचव्यावर खलाशी होता. एका वादळानंतर मचव्याच्या फळ्या किनाऱ्याला लागल्या, माणसं लागली नाहीत. प्रेत मिळालं नाही तर बारा वर्षं वाट पाहायची, मग गवताचा पुतळा करून जाळायचा, अशी तिथली रीत. तोवर बायकोचं कुंकू पुसायचं नाही. मोरूची बायको कोकिळा रोज कुंकू लावी, पण हळदीकुंकवाला तिला कुणी बोलावत नसे.

तिला मुंबईच्या एका इस्पितळात नर्सिंग शिकायचं होतं. तिथे मुलाखतीत इंग्रजीतून विचारतात, म्हणून मास्तर तिला पडवीत घेऊन बसू लागले. भाताची शितं मोजावीत तसं सासरे इंग्रजी क्रियापदांचे काळ शिकवत, आणि सून चुलीपाशी ते घोकत राही.

"नवरा काय करतो म्हणून विचारतील. काय सांगशील?"

"ही वर्क्ड ऑन अ बोट."

"वर्क्स," मास्तर म्हणाले.

"मामा, सहा वर्सं झाली."

"बारा न्हाय झाली. वर्क्स."

आतून सासूबाई, सोनूबाई, म्हणाल्या, "शिकवा, शिकवा! पोर दर्यात, सून मुंबईत. मी काय भिंतीशी बोलू?"

इस्पितळात कोकिळेने मेट्रनबाईंपुढे न अडखळता तेच उत्तर दिलं. बाई खूश झाल्या. मग म्हणाल्या, नवरा आहे ना, त्याला घेऊन ये. त्याच्या संमतीशिवाय लग्न झालेली मुलगी घेत नाही.  आता खरं सांगितलं तर कोकिळा खोटारडी ठरणार होती. ती मुकाट्याने उरणकडे परतणाऱ्या लाँचमध्ये येऊन बसली.

घरी तिने सगळं सांगितलं.  दुसऱ्या दिवशी मास्तरांचा पोहरा खाली गेला, वर आला, विहिरीवर चकार शब्द नाही.

मग ते भटजींकडे गेले. बारा वर्षं झाली नाहीत म्हणून भटजींनी आधी नकारच दिला, पण मास्तर दारातून हलेनात. अखेर खाडीकाठी गवत बांधलं गेलं. मोरूचा सदरा त्याला घातला, तेव्हा सोनूबाईंनी मास्तरांचा हात धरला. "जित्या पोराला जाळतोस? तू बाप हायेस का कोन?"

"बाप हाय," मास्तर म्हणाले, आणि त्यांनी अग्नी दिला.

सदरा हळूहळू पेटला. घरी येऊन कोकिळेने कुंकू पुसलं. सोनूबाई त्यानंतर नवऱ्याशी कधी बोलल्या नाहीत. ताट वाढत, पाण्याचा तांब्या ठेवत, आणि पाठ फिरवत.

त्याच संध्याकाळी मास्तर पडवीत बसले. "म्हण पोरी. माय हजबंड वॉज अ सेलर."

कोकिळेने म्हटलं. त्यांनी पुन्हा म्हणायला लावलं नाही.

पुढच्या वर्षी तिला इस्पितळात घेतलं. पहिली सुट्टी मिळून ती घरी पोचली, तेव्हा मास्तरांना जाऊन आठवडा झाला होता. हातातली नव्या दोराची गुंडाळी तिने विहिरीच्या काठावर ठेवली. ती मुंबईला निघाली त्या सकाळी मास्तर तिला बंदरापर्यंत सोडायला आले होते. लाँच सुटताना ओरडून म्हणाले होते, "पोहऱ्याचा दोर झिजलाय गं, येताना नवा आण. हातभर जास्तच घे, उन्हाळ्यात पानी खाली जातं."